वाचून दाखवला, समजला

आमच्या शाखेच्या अगदी समोर औषधाचं दुकान होतं, आणि म्हणूनच एक विशिष्ट वस्तू मी तिथून कधीही विकत घेतली नाही. दुकानदाराचं खातं आमच्याच बँकेत. रोज गल्ल्याची रक्कम भरायला तो काउंटरवर यायचा आणि ‘नमस्कार मॅडम’ म्हणायचा. त्याच्यासमोर उभं राहून ती वस्तू मागायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच स्लिपवर शिक्का मारायचा, हे मला जमण्यासारखं नव्हतं. म्हणून महिन्यातून एकदा पुण्याला गेले की, जिथे मला कोणी ओळखत नाही अशा दुकानातून मी ती घेऊन यायची. दुकानदार न मागता ती वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून द्यायचा. १९८७ सालची ही गोष्ट.

ती वस्तू म्हणजे शुक्राणुनाशक गोळी. पोटात घ्यायची नव्हे, योनिमार्गात ठेवायची. आज साठी ओलांडल्यावर हे शब्द रविवारच्या पुरवणीत लिहिताना मला संकोच वाटत नाही असं नाही. पण या गोळीबाबत माझ्या हातून एक मोठी चूक झाली आहे आणि तिचं मूळ संकोचातच होतं. म्हणून आज लिहिते आहे.

मी तेव्हा नुकतीच अधिकारी झाले होते. बढतीबरोबर बदली आली. मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, सोबत दीड वर्षाची थोरली आणि सासूबाई. हे नोकरीसाठी पुण्यात. शनिवारी रात्रीच्या एसटीनं यायचे, सोमवारी पहाटेच्या पहिल्या गाडीनं परत. बँकेत नोकरी केलेल्या कितीतरी जोडप्यांनी असे शनिवार-रविवारचे संसार केले आहेत. महिन्यातून चार रात्रींसाठी रोज पोटात गोळी घ्यायची मला भीती वाटायची. तांबीविषयी मैत्रिणींनी नाही नाही ते सांगून ठेवलं होतं. निरोधचा विषय ह्यांच्याकडे काढायचा धीर माझ्यात नव्हता. अशा वेळी एका सहकारी मैत्रिणीनं हळूच या गोळीचं नाव सांगितलं. डॉक्टरची चिठ्ठी नको, पोटात काही जात नाही, अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते, हवी तेव्हाच वापरायची, आणि मुख्य म्हणजे कोणाची परवानगी मागायची गरज नाही. एका तरुण नोकरदार बाईला आणखी काय हवं होतं?

हे सगळे फायदे खरे आहेत, आजही खरे आहेत. बाईच्या स्वतःच्या हातात असलेली साधनं फार थोडी आहेत, हे लक्षात घेतलं म्हणजे या गोळीचं आकर्षण समजतं. आणि ते फार जुनं आहे. इसवी सनापूर्वी सुमारे १५५० सालच्या इजिप्तमधल्या एका पपायरसवर बाभळीच्या जातीचं झाड, खजूर आणि मध एकत्र वाटून, त्यात भिजवलेला बोळा आत ठेवण्याची कृती लिहिलेली आहे. बाभळीचा अंश आंबला की त्यातून लॅक्टिक आम्ल तयार होतं आणि त्यात शुक्राणू टिकत नाहीत, अशी त्याची उपपत्ती पुढच्या अभ्यासकांनी लावली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमधला वॉल्टर रेंडेल हा औषधविक्रेता कोको बटरमध्ये क्विनीन घातलेल्या वड्या विकू लागला. अंगाच्या उष्णतेनं वडी वितळायची आणि क्विनीन आपलं काम करायचं. १९५० नंतर क्विनीनची जागा नोनॉक्सिनॉल-९ या रसायनानं घेतली. माझी गोळी त्याचीच होती.

हे रसायन साबणाच्या कुळातलं आहे. साबण जसा तेलकटपणा फोडतो, तसं हे शुक्राणूचं पातळ आवरण फोडतं. इतकं साधं काम. फक्त साबण कोणत्या पेशीचं आवरण फोडायचं आणि कोणत्या पेशीचं नाही, हे निवडत नाही. या एका वाक्यात या गोळीचे सगळे गुण आणि सगळे दोष आले. पण ते मला कळायला पुढे तेरा वर्षं लागली.

पाकिटात एक घडी घातलेला कागद असायचा. इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. बँकेत दिवसभर मी अशीच बारीक अक्षरं वाचायची. कर्जदार अंगठा लावणारा असला की आमच्याकडे एक जादा कागद करावा लागायचा: वरील मजकूर मला माझ्या भाषेत वाचून दाखवला, तो मला समजला. त्याखाली अंगठा आणि शेजारी माझी सही. असे शेकडो कागद मी केले. गोळीबरोबरचा कागद मात्र मी घाईघाईनं फाडून चुलीत टाकायची, सासूबाईंच्या हाती लागू नये म्हणून.

त्या कागदावर दोन गोष्टी लिहिलेल्या असायच्या. गोळी ठेवल्यावर ती विरघळेपर्यंत दहा मिनिटं थांबायचं, आणि तिचा परिणाम साधारण तासभरच टिकतो. आमचं घर म्हणजे एक खोली आणि एक स्वयंपाकघर, मोरी मागच्या अंगणात. रात्री दिवा लावून दार उघडलं की सगळं घर जागं व्हायचं. म्हणून एसटीची वेळ धरून मी नऊच्या सुमाराला मोरीकडे जाऊन यायची. एका शनिवारी एसटी घाटात बंद पडली. हे आले ते बारा वाजता. गोळी ठेवली आहे म्हणजे आहे, असंच मी धरून चालले.

आमची धाकटी ती. घरात तिला आम्ही लाडानं ‘घाटातली’ म्हणतो. पंधरा-सोळा वर्षांची असताना तिनं या नावाचं कारण विचारलं. मी खरं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “म्हणजे मी नको होते?” मी तिला म्हटलं, “तू ठरली नव्हतीस. नको होतीस असं नाही.” हे दोन वेगळे शब्द आहेत, हे तिला पटायला बरेच दिवस गेले. पण माझ्या जागी एखादी दुसरी बाई असती, जिला तिसरं-चौथं मूल पोसणं शक्य नाही किंवा जिच्या जिवाला बाळंतपणात धोका आहे, तर ही गोष्ट अशी हसत सांगता आली असती का?

आणि दोष केवळ एसटीचा नव्हता. नुसत्या शुक्राणुनाशकावर अवलंबून राहणाऱ्या शंभर स्त्रियांपैकी वर्षभरात एकवीस ते अठ्ठावीस जणींना दिवस जातात, असं वेगवेगळे अंदाज सांगतात. अगदी प्रत्येक वेळी काटेकोरपणे वापरलं तरी हा आकडा सोळा ते अठराच्या खाली येत नाही. तांबी वापरणाऱ्या शंभरजणींत तो एकाहूनही कमी आहे. काहीच न वापरणाऱ्यांत मात्र तो पंच्याऐंशीच्या घरात जातो. म्हणजे गोळी निरुपयोगी नाही, पण भरवशाचीही नाही. एकटीचा जामीन घेऊन मोठं कर्ज द्यावं इतकी तिची पत नाही. टोपी किंवा निरोध यांच्या जोडीला ती असली तर गोष्ट वेगळी.

दुसरा त्रास चोरपावलांनी आला. मला वरचेवर उन्हाळी लागायची. सासूबाई धन्याचं पाणी द्यायच्या, सब्जा भिजत घालायच्या, ‘खुर्चीत बसून बसून उष्णता वाढते’ म्हणायच्या. चार दिवसांनी बरं वाटायचं आणि पंधरवड्यानं पुन्हा तेच. पुण्याला बदली झाल्यावर एका डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली आणि विचारलं, “तुम्ही आत काही वापरता का?” इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. त्यांनी समजावून सांगितलं: योनिमार्गात आपले राखणदार असलेले चांगले जंतू असतात. हे औषध त्यांनाही मारतं. मग आतड्यातले जंतू तिथे ठाण मांडतात आणि तिथून मूत्रमार्गात शिरतात. गोळी बंद केली. उन्हाळी थांबली.

इथपर्यंतची गोष्ट माझी, माझ्या शरीराची. चूक म्हणते ती याच्या पुढची.

१९९४ साली मी महामार्गाजवळच्या एका शाखेत होते. बाहेर ट्रकची रांग, धाबे, टायरची दुकानं. एड्सची भीती तेव्हा गावागावांत पोचली होती. भिंतींवर लाल अक्षरांत सूचना रंगवलेल्या होत्या, आणि वाचणारे मान वळवून पुढे जात होते. आमच्या शाखेत सफाईला येणारी एक बाई होती, तिशीची. तिचा नवरा लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवायचा. एक दिवस सगळे गेल्यावर फडकं पिळता पिळता ती म्हणाली, “मॅडम, नवरा बाहेरचा नाद करतोय हे सगळ्यांस्नी ठावं हाय. निरोधचं नाव काढलं की अंगावर येतोय. मीच काय घेतलं तर चालंल, असं काय हाय का?”

वाचकहो, या प्रश्नात जगातल्या कितीतरी बायकांचा प्रश्न आहे. नवरा ऐकत नाही, मला एकटीला काय करता येईल?

आणि मी उत्तर दिलं. एका इंग्रजी मासिकात मी वाचलं होतं की, नोनॉक्सिनॉल-९ प्रयोगशाळेत एड्सचा विषाणूही मारतं. वाचलेलं खोटं नव्हतं. १९८५ मध्येच काचेच्या नळीत तसं दिसून आलं होतं आणि जगभरच्या संशोधकांनी त्यावर मोठी आशा ठेवली होती. मी तिला म्हटलं, “आहे, एक गोळी आहे.” पुढच्या वेळी पुण्याहून येताना तिच्यासाठी दोन पाकिटं घेऊन आले. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून तिच्या हातात दिली. कसं वापरायचं तेवढं सांगितलं. स्वतःला उन्हाळीचा त्रास होऊन गेलेला असतानाही तिला त्याबद्दल एक शब्द बोलले नाही. कोणी ऐकेल म्हणून आवाज खाली आणि वेळ कमी. पुढच्या वर्षी माझी बदली झाली.

जुलै २००० मध्ये दक्षिण आफ्रिकेत दरबानला आंतरराष्ट्रीय एड्स परिषद भरली होती. तिथली एक बातमी मी सकाळच्या चहाबरोबर वाचली आणि चहा तसाच राहिला.

बेनिन, आयव्हरी कोस्ट, दक्षिण आफ्रिका आणि थायलंड या चार देशांत देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनी एका चाचणीत भाग घेतला होता. सगळ्यांना निरोध, सल्ला आणि गुप्तरोगांवर उपचार मिळत होते. त्यांतल्या निम्म्या जणींना नोनॉक्सिनॉल-९ असलेलं जेल दिलं, निम्म्या जणींना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं. औषधानं संसर्ग कमी होईल, अशी अपेक्षा होती. झालं उलटं. पुढे २००२ साली ‘लॅन्सेट’मध्ये सविस्तर आकडे आले: औषधाच्या गटात ३७६ पैकी ५९ जणींना एचआयव्हीची लागण झाली, दुसऱ्या गटात ३८९ पैकी ४५ जणींना. दिवसाला सरासरी साडेतीनहून जास्त वेळा जेल वापरणाऱ्यांत तर धोका जवळजवळ दुप्पट होता. कमी वापरणाऱ्यांत तो वाढलेला दिसला नाही. पण संरक्षण त्यांनाही मिळालेलं दिसलं नाही. त्याआधी कॅमेरूनमध्ये सुमारे तेराशे स्त्रियांवर झालेल्या आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही औषधाच्या पातळ चकतीनं लागण तसूभरही कमी झाली नव्हती.

असं का व्हावं? कारण तेच, साबणाचं. काचेच्या नळीत फक्त विषाणू असतो. शरीरात बाईची स्वतःची त्वचा असते. हे रसायन विषाणूचं आवरण फोडतं, पण योनिमार्गाच्या नाजूक अस्तरावरही ओरखडे काढतं, आग होते, सूज येते, आणि ज्याला बाहेर ठेवायचं त्यालाच आत यायला फट मिळते. जागतिक आरोग्य संघटनेनं २००२ साली स्पष्ट सांगितलं की, लैंगिक आजारांपासून बचावासाठी हे वापरू नये आणि निरोधला ते लावून विकण्याचा पुरस्कार करू नये. अमेरिकेत २००७ च्या डिसेंबरात अशा प्रत्येक पाकिटावर तसा इशारा छापणं सक्तीचं झालं.

त्या चाचणीतल्या स्त्रियांची नावं आपल्याला कधी कळणार नाहीत. पण त्यांच्या शरीरानं दिलेला तो नकार पाकिटांवरचा इशारा होऊन छापला गेला, हे मी विसरू शकत नाही.

आणि माझ्या डोळ्यांसमोर होती ती वर्तमानपत्रात गुंडाळलेली दोन पाकिटं.

२००३ मध्ये तपासणीसाठी मी त्या जुन्या शाखेत गेले. ती अजून कामाला होती. दुपारी मागच्या पायरीवर तिच्याशेजारी बसले आणि जे सांगायचं ते सांगून टाकलं: मी तुला चुकीचं सांगितलं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “ती गोळी व्हय? चार-पाचदा वापरली बघा. नुसती आग आग व्हायाची. फेकून दिली. तुमी एवढ्या मायेनं आणलेली, तुमास्नी वाईट वाटंल म्हून बोलले न्हाई.” नंतर थोडं थांबून आपणहून म्हणाली, “पुढं पोरं घिऊन आईकडं आले. त्यो ९८ ला गेला. माझी तपासणी झाली दोनदा. न्हाई निघालं काय.”

माझी दोन्ही पाकिटं तिनं फेकून दिली होती. लाखो रुपयांच्या कर्जाची जोखीम जोखणाऱ्या अधिकाऱ्यापेक्षा तिच्या शरीरानं ती अधिक अचूक जोखली होती. तिला वाचवलं ते तिच्या माहेरच्या एका खोलीनं. माझं दडपण मात्र तेवढ्यानं उतरलं नाही. तिनं माझ्यावर विश्वास ठेवून वर्षभर निमूटपणे आग सोसली असती तर? मला बोलायला लाज वाटत होती आणि तिला माझं मन मोडायची लाज वाटत होती. दोघींच्या मधे तो कागद होता, जो कोणी कोणाला वाचून दाखवला नव्हता.

या मुंबईतच १९२१ साली रघुनाथ धोंडो कर्व्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं, नोकरीवर पाणी सोडलं, १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं आणि अश्लीलतेच्या खटल्यांत दंड भरले. त्यांनी संततिनियमनावर पुस्तक लिहिलं आणि गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावरही लिहिलं. दोन्ही वेगवेगळी पुस्तकं. मूल न होऊ देणं हा एक प्रश्न, आजार न होऊ देणं हा दुसरा. एका साधनानं दोन्ही सुटतीलच असं नाही. शंभर वर्षांपूर्वी मराठीत वेगळे करून मांडलेले हे प्रश्न मी १९९४ साली एका पाकिटात कोंबले होते.

आता आजचं सांगते, कारण अशा गोळ्या आणि जेल आजही मिळतात आणि घरबसल्या मागवताही येतात. ज्या जोडप्यात दोघांनाही लैंगिक आजाराचा धोका नाही, संबंध क्वचित येतो, हॉर्मोन चालत नाहीत आणि समजा दिवस राहिलेच तर पेलता येतील, तिथे शुक्राणुनाशकाला जागा आहे, आणि निरोध किंवा टोपीच्या जोडीला असेल तर अधिकच. दहा मिनिटं थांबायचं, दर वेळी नवी गोळी घ्यायची, तासाचं भान ठेवायचं, नंतर सहा तास आतून धुवायचं नाही. आग झाली किंवा उन्हाळी लागली तर बंद करून डॉक्टरकडे जायचं आणि काय वापरत होतो तेही सांगायचं. जोडीदाराविषयी शंका असेल, एचआयव्हीचा धोका असेल, तर नोनॉक्सिनॉल-९ ला हातही लावायचा नाही. तिथे निरोधच. आपल्या सरकारी दवाखान्यांत तांबी आहे, पोटात घ्यायच्या गोळ्या आहेत, २०१७ पासून अंतरा इंजेक्शन आणि छाया गोळीही आहे. तिथे जाऊन विचारायला लाजू नये.

शोध थांबलेला नाही. मे २०२० मध्ये अमेरिकेत नव्या प्रकारच्या एका जेलला मान्यता मिळाली. त्यात साबणाच्या कुळातलं काही नाही. योनिमार्गातली नैसर्गिक आंबटता टिकवून ठेवणारी आम्लं आहेत, त्यांत लॅक्टिक आम्लही आहे. साडेतीन हजार वर्षांनी बाभळीकडेच फिरून आल्यासारखं वाटलं मला. पण त्याच्या कागदावरही लिहिलेलं आहे की, हे लैंगिक आजारांपासून वाचवत नाही आणि वारंवार मूत्रमार्गाचा संसर्ग होणाऱ्यांनी टाळावं. ‘मीच काय घेतलं तर चालंल’ या प्रश्नाचं उत्तर शोधणारेही थकलेले नाहीत. आपल्या पुण्यातल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतही वेगळ्या औषधांच्या जेलच्या सुरक्षिततेच्या चाचण्या झाल्या. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं बाईनं स्वतः आत बसवायच्या एका औषधी कड्याची शिफारस केली, तीही इतर उपायांच्या जोडीला. संरक्षण अर्धवटच आहे, पण निदान या वेळी ते आधी सांगितलेलं आहे.

मागच्या महिन्यात ‘घाटातली’चा फोन आला. तिचं बाळ चार महिन्यांचं आहे. “आई, एक विचारू? अंगावर पाजताना काय वापरलेलं चांगलं?” मी म्हटलं, “डॉक्टरीणबाईंना विचार. आणि जे देतील त्याच्या पाकिटातला कागद आधी मला वाचून दाखव.”

तिनं दाखवला. फोनवर, मोठ्यानं, शेजारच्या खोलीत तिच्या सासूबाई होत्या तरी. काही शब्द तिला अडले, काही मला. दोघींनी मिळून ते लावले. वीस मिनिटं लागली.